मदत हवी आहे: नॉरफोकच्या किनाऱ्यावरील जुन्या पवनचक्कीत वयस्कर आईवडिलांसह मुक्काम

नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस माझे आईवडील आमच्याकडे लंडनला येत असून, त्यांना घेऊन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यात काही दिवस राहण्याचा आमचा विचार आहे. तेथील क्लाय-नेक्स्ट-द-सी या गावी ग्लेव्हन नदीकाठी एक जुनी पवनचक्की आहे. १९२१ साली तिचे सुट्टीच्या घरात रूपांतर झाले आणि आता तेथे पाहुण्यांसाठी खोल्या मिळतात. ही जागा मनात भरण्याचे खरे कारण म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली आणि दगडांना टाकी लावण्याचे काम कधीही दुसऱ्याच्या हाती दिले नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या गिरणीत रात्र काढायला मिळाली, तर त्यांना किती आनंद होईल हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच निवड चुकू नये असे वाटते.

पहिली अडचण जिन्यांची आहे. वडिलांचे गुडघे दुखतात; रेलिंग असेल तर ते एक मजला सावकाश चढतात, परंतु उतरताना त्यांना आधार लागतो. अशा बुरुजासारख्या पवनचक्क्या वर निमुळत्या होत जातात, त्यामुळे वरच्या खोल्या लहान व गोल असतात आणि तेथे पोहोचण्याचा मार्ग बहुधा शिडीसारखा उभा असतो. संरक्षित वास्तूचे स्वरूप बदलणारे फेरफार स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, तेव्हा लिफ्टची अपेक्षा मी ठेवलेली नाही. गिरणीच्या आवारातील जोडइमारतींतही खोल्या आहेत. तेथे तळमजल्यावर राहावे आणि मुख्य बुरुजात केवळ बैठकीच्या खोलीपर्यंत जावे, हा पर्याय समोर आहे. मात्र असे केल्याने गिरणीत राहिल्याचे समाधान मिळते का, हे प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी सांगावे. माझ्या मते खिडकीतून पाती दिसत असतील तरी वडिलांना पुरेसे होईल, पण आईचे म्हणणे आहे की आत राहायचे नसेल तर एवढा खर्च कशासाठी करायचा.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. गिरणीचे घर होताना आतील यंत्रणा पुष्कळदा काढली जाते; मग उरतात त्या जाड भिंती, पाती आणि एखादी तुळई. वडिलांना पाहायचे आहेत ते दगड. इंग्लंडमधील जुन्या गिरण्यांत बारीक पिठासाठी फ्रान्सहून आणलेला गारगोटीसारखा कठीण दगड वापरत असत. त्याचे तुकडे एकमेकांना घट्ट बसवून भोवती लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असत आणि दळणाऱ्या बाजूवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असत. त्या खाचांवरून हात फिरवल्यावर त्या किती झिजल्या आहेत हे वडील लगेच सांगतील. क्लायहून फार दूर नसलेल्या लेदरिंगसेट येथे १८०२ साली बांधलेली पाणचक्की असून ती पाण्याच्या बळावर पीठ दळण्यासाठी ओळखली जाते. तेथे दळण प्रत्यक्ष चालू असताना पाहायचे असल्यास कोणत्या दिवशी जावे, दगडाच्या मजल्यापर्यंतचा जिना कसा आहे आणि गिरणीवाल्यांशी निवांत बोलता येते का, याची माहिती हवी आहे.

हवामानाबद्दलही थोडे विचारायचे आहे. हा किनारा सखल आणि दलदलीचा आहे. १९५३ सालच्या जानेवारीअखेरीस आणि पुन्हा ५ डिसेंबर २०१३ रोजी समुद्राला आलेल्या उधाणाने येथे पूर आला होता. ऑक्टोबरअखेर भरतीची वेळ आणि पुराच्या सूचना रोज पाहणे पुरेसे आहे, की बुकिंग करतानाच तारीख बदलण्याची सोय मागून घ्यावी? घड्याळे एक तास मागे गेल्यावर पाचच्या आधीच अंधार पडू लागतो, म्हणून बाहेरचे सगळे कार्यक्रम सकाळी ठेवणार आहोत. मॉर्स्टनहून ब्लेकनी पॉइंटवरचे सील पाहायला जाणाऱ्या होड्या भरतीच्या वेळेनुसार सुटतात, असे वाचले. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला त्या होडीत चढता-उतरता येईल का?

आमच्याकडे गाडी नाही. लंडनहून नॉरिच, तेथून रेल्वेने शेरिंगम आणि पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने बस, असा मार्ग ठरवला आहे. सामानासह वयस्कर मंडळींनी हा प्रवास केला असेल, तर शेरिंगमपासून टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते का, तेही कळवावे.

क्लाय सोयीचे नाही असे कोणास वाटत असेल, तर किनाऱ्याजवळची अशी दुसरी जुनी गिरणी सुचवावी, जिथे तळमजल्यावर झोपायची सोय आहे आणि दगड अजून जागेवर आहेत. वाऱ्यावरची असो वा पाण्यावरची, वडिलांना दोन्ही चालतील.