मदत हवी आहे: खासदाराचं लोकसभेतलं काम तपासायचं कसं?

गोंधळलेला_संपादक:
आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात 'आपल्या खासदारांनी २०१९ ते २०२४ मध्ये लोकसभेत काय केलं' यावर चार पानं द्यायची ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. (नाव, पक्ष विचारू नका, धागा भरकटेल.) त्यांच्या कार्यअहवालात सभामंडप आणि हायमास्ट दिवेच जास्त. ती कामं खासदार निधीतली, वर्षाला ५ कोटींच्या. संसदेतलं काम वेगळं, एवढं मला कळतं.

पीआरएसच्या (संसदेच्या कामाची आकडेवारी ठेवणारी संस्था) साइटवर हजेरी, प्रश्न, चर्चा, विधेयकं मिळाली. पण ११ विधेयकं मांडली आणि मंजूर एकही नाही, हे अपयश धरायचं का? समितीचं नुसतं नाव मिळतं, तिथे काय केलं ते नाही. मतदान तर कुठेच नाही. शेतीच्या तीन कायद्यांवर त्यांनी काय मत दिलं हे आमच्याकडे जो तो विचारतो. तीन रात्री शोधतोय. कुठे बघू?

शुक्रवारची_दुपार:
विधेयकांचं आधी. मंत्री नसलेला खासदार मांडतो ते अशासकीय विधेयक. त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास, तेही एका आड एका शुक्रवारी, कारण मधल्या शुक्रवारी ठराव असतात. विधेयक मांडायला मिनिटभर पुरतं: अनुमती मागितली, मिळाली, संपलं. पुढे चर्चेला येणं नशिबाचा भाग. १९५२ पासून दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेली अशासकीय विधेयकं १४, आणि शेवटचं १९७० चं. त्यामुळे 'मंजूर शून्य' याला काही अर्थ नाही, आणि '११ मांडली' यालाही फारसा नाही. लोकसभा विसर्जित झाली की उरलेली सगळी आपोआप बाद.

पण मजकूर वाचा. कोकणातले खासदार बॅ. नाथ पैंनी १९६७ मध्ये, गोलकनाथ निकालानंतर (संसद मूलभूत हक्कांना कात्री लावू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं), मूलभूत हक्कांसकट घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही, पण १९७१ मध्ये सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली ती त्याच मुद्द्यावर. तुमच्या खासदारांच्या ११ पैकी एखाद्यात मतदारसंघातलं खरं दुखणं उतरलंय की नुसतं मोठ्या शहराचं नाव बदला वगैरे आहे, ते दोन पानं वाचून कळतं.

होय_नाही_तटस्थ:
मतदान सापडत नाही कारण बहुतेक वेळा ते नोंदलंच जात नाही. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात. आवाजी मतदानात कुणाचंही नाव राहत नाही. शेतीचे कायदे सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत आवाजीनेच मंजूर झाले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला रद्द झाले तेही आवाजीनेच. त्यामुळे तुमच्या लोकांच्या प्रश्नाला कागदावर उत्तर नाही. त्या दिवशी ते बोलले असतील तर भाषण मिळेल, तेवढंच.

नावं मिळतात ती मतविभाजन, म्हणजे बटण दाबून एकेकाच्या मताची नोंद, झालं तरच. घटनादुरुस्तीला ते लागतंच. महिला आरक्षणाला २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २ मतं पडली. ९ डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व दुरुस्तीवर ३११ विरुद्ध ८०. त्या तारखांचा चर्चेचा वृत्तांत संसदेच्या संकेतस्थळावरून उतरवा, शेवटाकडे नावांच्या याद्या आहेत. ज्यांचं बटण चाललं नाही त्यांनी चिठ्ठीने दिलेलं मत तळटीपेत असतं, तेही बघा. नाहीतर 'गैरहजर' छापून बसाल.

आणि नाव मिळालं तरी जपून. १९८५ ची दहावी अनुसूची (पक्षांतरबंदी) आल्यापासून पक्षादेश, म्हणजे 'असंच मत द्या' हा पक्षाचा व्हिप, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे ते मत बहुधा पक्षाचं.

बोरूबहाद्दर:
मला विचाराल तर समितीवरच दोन पानं खर्च करा. मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तिथे पक्षादेश चालत नाही, कॅमेरेही नाहीत. बैठक गुप्त असली तरी अहवाल सभागृहात ठेवला की त्याच्या शेवटी परिशिष्टात बैठकीचं इतिवृत्त येतं: किती वाजता सुरू, किती वाजता संपली, हजर सदस्यांची नावं, कोणते सचिव साक्षीला आले. कुणाची असहमतीची टिप्पणी असेल तर तीही जोडलेली. नाव मोजा, टिप्पणी शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण कार्यअहवालात हे कुणी छापत नाही.

प्रश्नांच्या आकड्याला भुलू नका. तोंडी उत्तराचे तारांकित दिवसाला २०, लेखी उत्तराचे अतारांकित २३०, आणि कुणाचे लागतात ते सोडत काढून ठरतं. एका उत्तराच्या माथ्यावर मी सात नावं मोजली आहेत, प्रश्न एकच. सातांच्याही खात्यात एकेक जमा.

अजून एक, ते मधे मंत्री झाले होते का? झाले असतील तर त्या काळात प्रश्न नाहीत, अशासकीय विधेयक नाही, समितीही नाही, आणि हजेरीपुस्तकात सहीदेखील नाही. तो काळ वेगळा काढा.

गोंधळलेला_संपादक:
मंत्री नव्हते. काल रात्री त्यांच्या समितीचा एका वर्षाचा अनुदान मागण्यांवरचा (मंत्रालयाने वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या पैशांवरचा) अहवाल उघडला. परिशिष्टात तीन बैठका, नाव तिन्ही ठिकाणी असेल असं वाटलं होतं, सापडलं एकदाच. मग ११ विधेयकं वाचायला घेतली. पहिली नऊ जेमतेम दोन पानी. दहावं मात्र आमच्या खाडीच्या खारबंदिस्तीवर (खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांवर), तालुक्यांच्या नावांसकट, आणि उद्देश व कारणं (विधेयक का आणलं ते सांगणारं निवेदन) कुणीतरी बसून नीट लिहिलेली. कार्यअहवालात त्याचा साधा उल्लेख नाही! अंकात ते उद्देशाचं पान जसंच्या तसं मराठीत करून टाकतोय. हिंदी प्रत आहे, पण कायद्याची भाषा दातात अडकते. 'कारणे आणि उद्देश' सोप्या मराठीत आणायला कुणी दोन तास देईल का?