शब्दचर्चा : ‘अल्पप्रतिनिधित’ म्हणजे कोण?

एखाद्या गटाची माणसं आहेत पुष्कळ, पण सभागृहात, नोकऱ्यांत किंवा एखाद्या पाहणीत ती त्या मानाने फारच थोडी दिसतात. अशा गटाला इंग्रजीत ‘अंडररिप्रेझेंटेड’ म्हणतात, आणि त्यासाठी अनुवादांत हल्ली ‘अल्पप्रतिनिधित’ हा शब्द दिसतो. मला तो पटत नाही.

मुख्य अडचण ‘अल्प’ची. ‘अल्पसंख्य’ आपल्या कानात इतका मुरलाय की ‘अल्प’ दिसला की वाचक गटालाच लहान समजतो. २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. स्त्रिया लोकसंख्येत जवळपास निम्म्या आहेत. म्हणजे उणीव सभागृहात आहे, स्त्रियांत नाही. आणि नेमकं हेच या शब्दातून निसटतं. शिवाय ‘प्रतिनिधित’ हे रूपही ओढूनताणून आणलेलं आहे. ‘प्रतिनिधी’त ‘धा’ धातू आहे आणि त्याचं रूप ‘हित’ होतं, जसं विहित, निहित.

‘अप्रातिनिधिक’ हा शब्द चांगला, पण तो नमुन्याला लावावा. फक्त शहरांत फिरून केलेली पाहणी अप्रातिनिधिक. तिच्यातून सुटलेली खेड्यांतली माणसं नव्हेत.

मग ‘अपुरं प्रतिनिधित्व’? हो, मी तेच वापरते. पण ‘अपुरं’ आणि ‘प्रमाणापेक्षा कमी’ यांत फरक आहे, तो जपायला हवा. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाबद्दलच्या, संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये पुरेशा प्रतिनिधित्वाची भाषा आहे, आणि याच आरक्षणावरच्या इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पुरेसं म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात असंच नव्हे. ‘प्रमाणापेक्षा कमी’ हे आकडेमोडीने ठरतं. ‘अपुरं’ कुणीतरी विचार करून ठरवावं लागतं. आकड्यांच्या तक्त्याखाली ‘अपुरं’ लिहिलं की आपण नकळत निवाडा देऊन बसतो.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. ‘स्त्रियांचं प्रतिनिधित्व’ म्हटलं की स्त्रियांच्या वतीने कुणी बोलतंय, की स्त्रिया स्वतः तिथे आहेत, ते कळत नाही. ‘स्त्रियांना प्रतिनिधित्व’ म्हटलं की त्यांच्या वाट्याला काय आलं ते दिसतं.

परवाच एका जाहिरातीचा मसुदा तपासताना ‘अल्पप्रतिनिधित समूहांतील उमेदवारांचे स्वागत आहे’ हे वाक्य आलं. मी ते खोडून लिहिलं : ‘आमच्याकडे ज्या समाजगटांतली माणसं आजवर कमी आली, त्यांतल्या उमेदवारांनी आवर्जून अर्ज करावा.’