'बॉयकॉट' आणि 'बहिष्कार' एकच का?

टिळकवाडीकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "संपावरची पोरं खाटेवर पडून राहायची, म्हणून बॉय आणि कॉट." असलं वाचून गप्प बसवत नाही. ते आडनाव आहे! कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नचा कारभारी. 1880 मध्ये कुळांनी खंड कमी करून मागितला, यानं जमिनी सोडायच्या नोटिसा धाडल्या. मग गडी शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपालवाल्यालाही दम भरला. पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. वर्ष सरायच्या आत स्वारी आयर्लंड सोडून गेली. तेव्हा बॉयकॉटला सरसकट बहिष्कार म्हणू नका.

शहापूर पेठ: का म्हणू नये? टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आहे. 1924 ला आपल्या बेळगावात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसनं असहकार थांबवला. विदेशी कापडाला नकार तेवढा ठेवला. मराठी शब्दाची लाज कसली वाटते?

निपाणीकर: शब्दाचं काय घेऊन बसलाय, पाट्या बघा की ओ! 2024 पासून आपल्या कर्नाटकात कायद्यानं दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड. भावानं दुकानाची पाटी परत रंगवून घेतली, मराठी अक्षरं पार खाली कोपऱ्यात गेली.

टिळकवाडीकर: धागा कशाचा, तुम्ही बोलताय काय!

निपाणीकर: पाटीवरनं गेलेली भाषा धाग्यात किती दिवस टिकणार? आधी ह्याचं उत्तर द्या.

शहापूर पेठ: बरोबर बोलले. पोरं कन्नड शिकतात, शिकू देत. पण आईला बाजारात दुकानाचं नाव वाचता येत नाही, त्याचं काय?

खानापूरकर: मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या आजोबांना गावानं वाळीत टाकलं होतं. गिरणीत दळण घेत नव्हते. आजी विहिरीवर गेली की बाकीच्या बायका घागरी उचलून निघायच्या. आमच्या घरात बहिष्कार म्हणजे हे. बाबासाहेबांनी 1927 ला पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं, ते कापडासाठी नव्हे.

शहापूर पेठ: वाचून वाईट वाटलं. पण कॅप्टनचंही दुकान-टपाल तोडलंच होतं ना? मग फरक काय राहिला?

खानापूरकर: त्याच्या पाठीशी सरकारची फौज होती. आजोबांच्या पाठीशी कोण होतं?

शहापूर पेठ: बरं, माणसाला वाळीत टाकतात त्याला वेगळा शब्द हवा, एवढं मानलं. पण 1 नोव्हेंबरला कर्नाटकाच्या स्थापना दिनाच्या राज्योत्सवावर आपण घालतो तो बहिष्कारच. फलकावर मी तोच लिहिणार.