आफ्रिका-युरोप विद्यापीठं: भांडण पहिल्या लेखकाचं की पैशाच्या नळाचं?

खडूस_मास्तर:
परवा एकाने तावातावाने लिहिलं की आफ्रिकन आणि युरोपीय विद्यापीठांची भागीदारी म्हणजे 'रक्त त्यांचं, पेपर यांचा'. उपाय काय, तर शोधनिबंधाचा पहिला लेखक सक्तीने आफ्रिकन! वाचून डोकं फिरलं. लेखकांचा क्रम सगळ्यात शेवटी ठरतो. खरा खेळ अर्जाच्या वेळी, बजेटच्या तक्त्यात होतो. होरायझन युरोपमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या संशोधन निधीत, प्रत्येक लाभार्थी संस्थेला तिच्या थेट खर्चावर सरसकट २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च (ओव्हरहेड) मिळतो. एक लाख युरोच्या कामावर पंचवीस हजार, त्यातून वीज, इमारत, लेखा विभाग. उपकंत्राटावर मात्र हे २५ टक्के लागत नाहीत. म्हणून युगांडातल्या कंपाला नाहीतर नायजेरियातल्या इबादानच्या सहकाऱ्यांना 'सोयीसाठी' उपकंत्राटदार करून टाकायचं. काम तेच, वरचे २५ टक्के शून्य. मग नमुने ठेवायच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरसाठी जनरेटरचं डिझेल कोण भरणार? युरोपातले सगळे समन्वयक, म्हणजे प्रकल्पाची प्रमुख विद्यापीठं, हेच करतात.

रेघोट्या:
'सगळे' कुठून आणलंत? लाभार्थी व्हायचं म्हणजे माणसागणिक कामाच्या दिवसांची सही केलेली नोंद, प्रत्येक पावती जपून ठेवणं आणि युरोपीय आयोगाचा वाटा ४,३०,००० युरो किंवा वर गेला की लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र. खर्च नामंजूर झाला तर वसुली थेट संस्थेकडून. कित्येक ठिकाणी तिथलाच वित्त विभाग म्हणतो, आम्हाला उपकंत्राटच द्या.

खडूस_मास्तर:
म्हणणारच! वित्त विभागात माणसं नाहीत, कारण आजवर कुणी ओव्हरहेड दिला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुपारचा_चहा:
दोघंही विनिमय दर विसरलात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. आगाऊ रक्कम युरोत येते, आधी समन्वयकाकडे, मग भागीदारांकडे. नायजेरियात ५०,००० युरो ५०० च्या दराने बदलले की अडीच कोटी नायरा (तिथलं चलन). जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायऱ्याचा दर बाजारावर मोकळा सोडला. डॉलर ४६०-४७० वरून महिनाभरात ७५० च्या पलीकडे. हिशेब देताना खर्च पुन्हा युरोत मांडायचा, तोही अहवालाच्या काळातल्या सरासरी दराने. समजा सरासरी ८५० आली. तेच अडीच कोटी आता जेमतेम २९,४०० युरोचा खर्च ठरतात. उरलेले वीस हजार कागदावर 'न वापरलेले', आणि परत मागितले जाऊ शकतात. चोरी नाही, उधळपट्टी नाही, तरी खड्डा.

रेघोट्या:
पैसे परकीय चलनाच्या खात्यात ठेवायचे आणि लागतील तसे बदलायचे. इतकं साधं आहे.

दुपारचा_चहा:
साधं? तिथल्या संघीय विद्यापीठांना २०१५ पासून केंद्रीय बँकेतलं एकच सरकारी खातं. वेगळ्या खात्याची परवानगी काढायची तर पत्रापत्री करत बसा. तोवर पहिल्या वर्षाची चाचण्यांची रसायनं (रिएजंट) मागवायची वेळ निघून जाते.

शेंगदाणा:
धाग्याशी थेट संबंध नाही, पण होरायझनमध्ये बहुतेक आफ्रिकन देश आपोआप निधीला पात्र, आणि आपल्याला म्हणतात स्वतःचा पैसा घेऊन या. त्यांचं रडगाणं आपण का गायचं?

खडूस_मास्तर:
भारताचा वेगळा धागा काढा की राव. इथे नको.

पाटीपेन्सिल:
पैशाच्या नादात नमुने राहिले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्टेलनबॉश विद्यापीठाने ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूट या जनुकशास्त्र संस्थेकडे डीएनए नमुने परत मागितले होते. त्यातून जनुक तपासायची व्यापारी चिप बनवण्याला संमतीपत्र आणि करार परवानगी देतात का, हा वाद. सँगरने आरोप फेटाळले. ते काहीही असो, अशा करारात चार गोष्टी लिहून घ्याच: कोणत्या चाचण्या, तिसऱ्या पक्षाला द्यायचे की नाही, व्यापारी वापर झाला तर वाटा किती, आणि काम संपल्यावर उरलेला नमुना परत की नष्ट. शिवाय प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक मायदेशी. दक्षिण आफ्रिकेने मानवी नमुन्यांसाठी २०१८ मध्ये कराराचा ठरीव मसुदाच राजपत्रात छापला. बाकीचे अजून युरोपीय विद्यापीठाचा कागद उघडून खाली सही करतात.

रेघोट्या:
सगळं वाईटच मोजायचं का? स्वीडनच्या सिडा या मदतसंस्थेचं युगांडाच्या माकेरेरे विद्यापीठासोबतचं काम २००० मध्ये चालू झालं. पीएचडीचे विद्यार्थी थोडा काळ स्वीडनला आणि बाकी युगांडात, म्हणजे माणूस घरचाच राहतो.

खडूस_मास्तर:
आणि २०२१ मध्ये ब्रिटनने मदतनिधी छाटला, तेव्हा यूकेआरआय या तिथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या हिशेबात १२ कोटी पौंडांचं भगदाड पडलं. चालू प्रकल्पांचं बजेट मध्येच कापलं. तिथे कोण घरचं होतं?

रेघोट्या:
ब्रिटन युरोपात धरायचा की नाही, ते आधी ठरवा. सोयीप्रमाणे आत-बाहेर करू नका. बरं, उपकंत्राटाचा मुद्दा मान्य. आता 'सगळे' मागे घ्या.

खडूस_मास्तर:
घेतलं. 'बहुतेक' ठेवतो, तेवढं चालवून घ्या.

दुपारचा_चहा:
तुमचा समेट झाला असेल तर सांगतो: युरोपीय मध्यवर्ती बँक नायऱ्याचा दर छापतच नाही. त्यामुळे आयोगाचे महिनावार हिशेबी दर घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. बाजारातला दर लावून अहवाल पाठवलात तर तो परत येईल.