पुण्यात दोन दिवस, तेही स्वतःच्या वाहनाविना: फिरावे कसे?

नांदेडकर:
नमस्कार. पुढील महिन्यात आई-वडिलांना घेऊन दोन दिवसांसाठी पुण्यात येत आहे. मुक्काम पुणे स्टेशनजवळ आहे. शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस आणि जमल्यास सिंहगड असा बेत असून तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने कोल्हापूर गाठायचे आहे. वडील भरपूर चालतात, परंतु आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. मेट्रो, पीएमपीची शहर बस की रिक्षा, यांपैकी कशावर भिस्त ठेवावी? मागच्या खेपेस शनिवारवाड्याहून मंडईत गेलो, तेव्हा रिक्षा सरळ गेली. परतताना मात्र रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने आणले. तो प्रकार फसवणुकीचा होता काय, हेही कळल्यास बरे.

सदाशिवपेठी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात पेठांचे सारे इंगित आहे. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे एकेरी आहे आणि बाजीराव रस्ता त्याच्या उलट दिशेने. त्यामुळे जाण्याचा रस्ता येण्याचा होत नाही, आणि बसलाही हाच नियम लागू असल्याने ज्या थांब्यावर उतरलात त्याच्या समोर परतीचा थांबा शोधू नये. रिक्षावाल्याला या वेळी दोषमुक्त करावे, असे माझे मत आहे. (असे मत मी सहसा देत नाही.)

तुमच्यासाठी मेट्रो उत्तम. वनाझ–रामवाडी मार्ग स्टेशनवरूनच जातो. रामवाडीकडे जाणारी गाडी घेऊन कल्याणीनगरला उतरलात की आगाखान पॅलेस जवळच आहे. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या त्याच आवारात आहेत, तेव्हा हे ठिकाण घाईत उरकू नये. पेठांमध्ये जाण्यासाठी मात्र जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून स्वारगेटची गाडी घ्यावी लागते. तेथे एक मार्ग उन्नत, तर दुसरा जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्यांच्या लागोपाठच्या टप्प्यांनी आईंना धास्ती वाटू शकेल, म्हणून प्रथमपासूनच लिफ्ट विचारून घ्यावी. कसबा पेठ स्थानकावरून शनिवारवाडा आणि मंडई स्थानकावरून दगडूशेठ व तुळशीबाग (खरेदीची बाजारपेठ) चालत जाण्याजोगे आहेत. केळकर संग्रहालय मंडईहून थोडे लांब, बाजीराव रस्त्यावर आहे. तेथवर रिक्षा करावी. आत जिने चढावे लागतात, त्यामुळे वरच्या मजल्यांवर वडिलांनी एकट्यानेच जावे.

कोथरूडकर:
वरील उत्तरात थोडी भर घालतो. रेल्वेगाडीचे आरक्षण करताना शेवटचे स्थानक अवश्य पाहावे, कारण काही गाड्या आता पुणे स्टेशनपर्यंत न येता हडपसरलाच थांबतात आणि तेथे मेट्रो नाही. कोल्हापूरची एसटी स्वारगेटहून मिळेल. शिवाजीनगरचे जुने एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलेले असले, तरी अनेक जण अजूनही त्याला शिवाजीनगरच म्हणतात, म्हणून कोणी तुम्हाला "शिवाजीनगरला जा" असे सांगितल्यास गोंधळून जाऊ नये. स्वारगेटला मेट्रो पोहोचते, परंतु सामान आणि आईंचे गुडघे लक्षात घेता त्या सकाळी सरळ रिक्षाच करावी, आणि मीटर टाकायला सांगूनच बसावे.

सिंहगडाबद्दल माझा आग्रह थोडा निराळा आहे. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते आणि पुढे वर जाण्यासाठी खासगी जीप मिळतात. परंतु जीपमधून उतरल्यावरही दरवाजापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेतच. दोन दिवसांत तिघांनी मिळून हे बसवण्यापेक्षा वडिलांना घेऊन तुम्ही पहाटेच निघावे आणि आईंना त्या वेळेत तुळशीबागेत पाठवावे, असे सुचवतो. सोबत मात्र कोणी तरी द्यावे, कारण तेथे शिरलेला माणूस कधी बाहेर पडेल, हे सांगता येत नाही.

नांदेडकर:
दोघांचेही आभार. तिकीट पाहिले, गाडी हडपसरलाच संपते आहे. तेथून स्टेशनपर्यंत रिक्षाच करीन. आईला तुळशीबागेचा पर्याय सांगताच सिंहगडाचा विषय तिने स्वतःच मिटवला.