आठवड्याचे इंजेक्शन सुरू करायचे आहे, पण सकाळच्या ग्लिमेपिराइडचे आणि एकादशीचे काय?

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार. माझे वय ५४ वर्षे, उंची ५ फूट ६ इंच, वजन ९१ किलो आणि मधुमेह अकरा वर्षांचा. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी नाश्त्याआधी २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड चालू असूनही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८.६ आली, म्हणून घरच्या डॉक्टरांनी मला मधुमेहतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी टिर्झेपेटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन लिहून दिले आहे: पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, त्यानंतर ५. औषधाच्या कुप्या आणून चार दिवस झाले, पण अजून टोचून घेतलेले नाही.

अडचण अशी की ग्लिमेपिराइड घरच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर आहे, ती चिठ्ठी तज्ज्ञांना दाखवायची राहिली, आणि नव्या चिठ्ठीत त्या गोळीचा उल्लेखच नाही. ती चालू ठेवायची की बंद करायची? दुसरे म्हणजे मी दोन्ही एकादशा आणि श्रावणी सोमवार करतो. या औषधावर उपवास चालतो का? तिसरा प्रश्न खर्चाचा. हे जन्मभर घ्यावे लागणार असेल तर ते आताच कळलेले बरे.

सातवा_महिना:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कृपया सुई टोचू नका. मी हेच इंजेक्शन सात महिने घेतो आहे आणि माझ्याकडूनही नेमके हेच राहून गेले होते.

नवे औषध आतड्यातून स्रवणाऱ्या दोन संप्रेरकांची नक्कल करते. रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर उतरली की आपसूक आवरते घेते, त्यामुळे नुसत्या मेटफॉर्मिनबरोबर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइडला असा लगाम नाही. साखर १८० असो वा ८०, ती गोळी इन्सुलिन सोडायला लावतेच. त्यात इंजेक्शनमुळे भूक अर्ध्यावर आलेली. म्हणजे गोळी जुन्या जेवणाच्या मापाची आणि पोटात जाणारे अन्न नव्या मापाचे.

माझा डोस ५ वर गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याला एसटीने निघालो होतो. खंबाटकी घाटात हात थरथरू लागले आणि शर्ट घामाने भिजला. बस लागली असेल असे शेजाऱ्यांना वाटले, पण पिशवीतल्या ग्लुकोमीटरवर आकडा ५८ होता. मागच्या बाकावरच्या आजींनी खडीसाखर दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ७९ झाली होती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी माझे ग्लिमेपिराइड बंद केले. तुमचे बंद करतील की कमी करतील हे त्यांनीच ठरवायचे आहे, कारण एचबीए१सी ८.६ असताना गोळी आपल्या मनाने सोडणेही योग्य नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवा एवढेच माझे सांगणे. उपवासाबद्दल विचाराल तर, मी सगळे सोडून दिले.

औषधी_दुकान:
दुकानात रोज जे पाहतो त्यावरून थोडे सांगतो. आपण कुप्या म्हणता, म्हणजे पेन नव्हे. एका कुपीत एका आठवड्याचा डोस अर्धा मिलिलिटर असतो. तो भरण्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरली जाते आणि घोळ तिथेच होतो, कारण आपल्याकडे दोन प्रकारच्या सिरिंजा मिळतात. नारिंगी टोपणाच्या १०० युनिटवाल्या सिरिंजवर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० ची रेघ, तर लाल टोपणाच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवर तोच अर्धा मिलिलिटर २० च्या रेघेवर येतो. पहिले इंजेक्शन डॉक्टरांसमोर किंवा नर्ससमोर घ्या आणि कोणत्या सिरिंजवर कोणती रेघ, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

खर्च वाचवण्यासाठी ५ ची कुपी दोनदा वापरता येईल का, असे दर आठवड्याला कोणीतरी विचारते. कुपी एका वेळेसाठीच असते. उरलेले औषध टाकून द्यावे.

कुप्या २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवा. एकदा गोठलेले औषध नंतर वितळून स्वच्छ दिसले तरी निरुपयोगी झालेले असते, म्हणून बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला खोका चिकटू देऊ नका. ३० अंशांच्या आत राहिली तर कुपी २१ दिवस बाहेर टिकते, पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरात ३० अंश कुठे असतात! ठरलेला वार चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाल्यास तो डोस सोडून पुढच्या वारी घ्यावा, दोन एकदम घेऊ नयेत.

किमतीचे म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आले तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. सेमाग्लुटाइड हे याच वर्गातले दुसरे औषध असून त्याच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. खर्च झेपत नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

माजघर:
गोदाकाठ दादा, माझे यजमान वर्षभर हे औषध घेत आहेत, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. भूक कमी होते म्हणजे नेमके काय होते, ते ताटात पाहावे. यांच्या ताटात पोळी संपायची आणि वाटीतले वरण तसेच राहायचे. चार महिन्यांत वजन नऊ किलोंनी उतरले, पण दंड इतके बारीक झाले की सदऱ्याच्या बाह्या लोंबू लागल्या. वजनाबरोबर स्नायूही जात आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून आमच्याकडे आधी उसळ, पिठले, अंडे किंवा दही खायचे आणि मग जागा राहिली तर पोळी, असा क्रम आहे. शिवाय ते रोज वीस मिनिटे हलकी वजने उचलतात. रात्री नऊनंतर जेवले किंवा भजी खाल्ली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबट ढेकर येतात, कारण अन्न पोटात रेंगाळते. बद्धकोष्ठताही होते, पाणी आठवणीने प्यावे लागते.

उपवास मात्र सरसकट सोडायलाच हवा, असे मला वाटत नाही. आमच्या डॉक्टरांनी निर्जळी नको आणि दिवसभर रिकामे पोट नको, अशा दोन अटींवर परवानगी दिली. यांना ग्लिमेपिराइड नाही, हेही लक्षात घ्या. खरी गोम उपवासाच्या पदार्थांत आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा, वर रताळे. साखर उडी मारते. आम्ही भगर मूठभरच करतो, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि ताक.

निवृत्त_वैद्यक:
वरील सल्ले बहुतांशी योग्य आहेत. राहिलेले मांडतो. कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असल्यास हे औषध देत नाहीत, आणि स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. पोटात असह्य वेदना पाठीकडे जात असेल आणि उलट्या थांबत नसतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भूल देऊन कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनची कल्पना द्यावी.

अकरा वर्षांच्या मधुमेहात दृष्टिपटलाची तपासणी आधी करून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण साखर झपाट्याने उतरली तर तिथला जुना आजार काही काळ बळावू शकतो.

जन्मभराचा प्रश्न रास्त आहे. मधुमेह असलेल्या रुग्णांच्या चाचणीत ७२ आठवड्यांत १५ मिलिग्रॅमच्या गटाचे वजन सरासरी १४.७ टक्के घटले. मधुमेह नसलेल्यांमध्ये हाच आकडा २०.९ होता, म्हणून समाजमाध्यमांवरची छायाचित्रे पाहून आपली अपेक्षा ठरवू नये. दुसऱ्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनी औषध थांबवलेल्यांचे वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के परत वाढले. तेव्हा हे रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे औषध समजूनच खर्चाचा हिशेब मांडावा. सहा महिने घेऊन सोडायचे, असा बेत असेल तर त्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

गोदाकाठ (नाशिक):
सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही चिठ्ठ्या घेऊन तज्ज्ञांकडे गेलो. ग्लिमेपिराइड त्यांनी १ मिलिग्रॅमवर आणले असून दोन आठवडे सकाळी आणि संध्याकाळी पाचला साखर मोजून वहीत लिहायला सांगितली आहे. आकडे खाली आले तर ती गोळी बंद होईल. डोळ्याच्या पडद्याची तपासणी गुरुवारी आहे, त्यामुळे पहिले इंजेक्शन रविवारी त्यांच्या नर्ससमोर घेईन. येत्या एकादशीला मात्र उपवास नाही, हे त्यांनी माझ्याऐवजी थेट सौभाग्यवतींनाच सांगितले. घरी आल्यावर सिरिंजचे टोपण पाहिले, लाल निघाले.

औषधी_दुकान:
बदलून घ्या. चिठ्ठीवर ‘१०० युनिटवाली सिरिंज’ असे लिहून घेतले तर दुकानदाराचाही गोंधळ होणार नाही.