उत्तर: स्केलेटन कोस्टवर तंबूत राहण्याबद्दल

वाळवंट म्हणजे उकाडा, मग जाड स्लीपिंग बॅग कशाला, असं वर विचारलंय. नामिबियाच्या या किनाऱ्यासाठी ती घ्याच! तिथून बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार पडते आणि धुकं होऊन किनाऱ्यावर पसरतं. सकाळी तंबूचं कापड बाहेरून निथळत असतं, वाळूचा वरचा थर ओला होऊन गडद दिसतो आणि दोन बोटं खाली उकरलं की तीच वाळू कोरडी ठणठणीत. पाऊस मात्र जवळजवळ नाहीच.

स्वाकोपमुंड शहरातून उत्तरेला जाणारा सी-३४ हा रस्ता हेंटीस बे या गावापुढे मिठाचा आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याने माती घट्ट बसवून केलेला. कोरडा असताना डांबरी रस्त्यासारखा वाटतो, पण धुक्याने भिजला की चांगलाच निसरडा होतो. म्हणून पहाटे निघायची घाई नको, ऊन पडू द्या. पेट्रोल आणि पाणी हेंटीस बेलाच भरून घ्या.

केप क्रॉसला सील माशांची प्रचंड वसाहत आहे (मासे म्हणतात खरे, पण ते सस्तन प्राणी), वास सहन होत असेल तर नक्की थांबा.

आणि एक कळकळीची विनंती. फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवू नका. त्या खडकाळ सपाटीवर दगडफुलाची नाजूक वाढ असते, धुक्याच्या ओलाव्यावर जगणारी. चाकाखाली चिरडली की भरून यायला कित्येक दशकं जातात. जुन्या गाड्यांचे चर तिथे अजून स्पष्ट दिसतात.